पार फाइव्हवर घोळ होतो तो दुसऱ्या शॉटला

गोल्फवरचा एक प्रश्न आलाय. (पार फाइव्ह म्हणजे पाच शॉटांत संपावं असं होल, हॅण्डिकॅप म्हणजे फेरीत मिळणारी शॉटांची सूट.) प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझं हॅण्डिकॅप १९. आमच्या कोर्सवर ५१२ यार्डांचा एक पार फाइव्ह आहे. ग्रीनच्या, म्हणजे झेंड्याभोवतालच्या गुळगुळीत हिरवळीच्या, अलीकडे नाला आडवा जातो. उजव्या हाताला टीपासून, म्हणजे सुरुवातीच्या जागेपासून, ग्रीनपर्यंत कंपाउंडची भिंत, म्हणजे ओबी, हद्दीबाहेर. माझा ड्रायव्हर, सगळ्यात लांब जाणारा क्लब, बरा लागला तर २०५ जातो. मग थ्री वुड, त्याच्या खालोखालचा क्लब, काढतो आणि कार्डावर बहुतेक वेळा ८ लागतात, कधी ९. पुतण्याचं हॅण्डिकॅप ४, ड्राइव्ह २६५. तो दोनमध्ये ग्रीन गाठायला जातो. कधी बर्डी (पारपेक्षा एक कमी) काढतो, कधी माझ्यापेक्षा वाईट खेळतो. बायको गेल्या वर्षापासून शिकतेय. ती लाल टीवरून, ४३० यार्डांवरून खेळते आणि नाला दिसला की तिचे हातपाय गळतात. आम्ही तिघांनी हे होल कसं खेळावं? आणि मी फाइव्ह वुड घ्यावा का?"

नाल्याची मापं पाठवलीत हे फार बरं केलंत. अलीकडचा काठ ग्रीनच्या मध्यापासून ९५ यार्ड, पलीकडचा ७५. भिंत ग्रीनच्या उजव्या कडेपासून वीस पावलांवर, डावीकडे एक बंकर, वाळूचा खड्डा. एवढं हातात असलं की अंदाजपंचे बोलावं लागत नाही.

ड्रायव्हरवर मी फार वेळ घालवणार नाही, कारण तुमचा रोग तो नाही. १९ हॅण्डिकॅपला २०५ यार्ड व्यवस्थित आहेत. भिंत उजवीकडे आहे, म्हणून टी बॉक्सच्या उजव्या टोकाला टी (बॉल ठेवायची खुंटी) लावा आणि फेअरवेच्या, म्हणजे बारीक कापलेल्या गवताच्या, डाव्या अर्ध्याकडे बघून मारा. भिंतीच्या बाजूला उभं राहिलं की आपोआप भिंतीपासून लांब बघता येतं. टीवर एवढंच पुरे.

आता दुसरा शॉट. मी पुण्यात शिकवायला लागलो त्याआधी सात-आठ वर्षं लोकांच्या बॅगा उचलल्या आहेत. कॅडीला काही गोष्टी साहेबांच्या आधी दिसतात. पार फोरवर साहेब बॉलपाशी येऊन विचारतात, "किती आहे रे?" पार फाइव्हवर कोणी विचारत नाही. ड्राइव्ह चांगला बसला की चालता चालताच थ्री वुडचं कव्हर निघून खिशात गेलेलं असतं. बॉल कसा पडलाय, पुढे नाला किती लांब आहे, हे सगळं नंतर. मनातला हिशोब असा असतो: तीनशे यार्ड राहिलेत, कशानेही पोचणार नाही, मग सगळ्यात लांब जाणारा क्लब घ्या. मी त्याच हिशोबातून उलटा निष्कर्ष काढतो. पोचणार नाहीच, तर मग घाई कसली?

तुमचेच आकडे मांडू. २०५ नंतर राहिले ३०७. नाल्याचा अलीकडचा काठ तुमच्या बॉलपासून २१२ वर, पलीकडचा २३२ वर. तुमचा थ्री वुड झक्कास लागला तर २०० जातो असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे आयुष्यातला चांगला थ्री वुड नाल्याच्या बारा यार्ड अलीकडे थांबणार, तोही जमीन मऊ असेल तर. जमीन टणक असेल तर घरंगळत आत. आणि नेहमीचा थ्री वुड? पंधरा अंशांच्या आसपासचा लॉफ्ट (क्लबच्या तोंडाचा कल), बॉल जमिनीवर, खाली टी नाही. बॉल डोक्यावर मार खाऊन साठ यार्ड सरपटत जातो. वाईट लागला तर साठ यार्ड, चांगला लागला तर नाला. मग कसा लागला म्हणजे बरं?

त्याऐवजी तुमचा फोर हायब्रिड घ्या, वुड आणि आयर्नच्या मधला, १७० वाला. राहतात १३७. नाल्याचा अलीकडचा काठ अजून ४२ यार्ड पुढे, पलीकडचा काठ ६२ वर. हातात सात नंबरचं आयर्न (नंबर जेवढा मोठा तेवढं अंतर कमी). सात नंबर जरा फॅट, म्हणजे बॉलआधी जमिनीला, लागला तरी नाला ओलांडतो. ग्रीन नाही मिळालं तर ग्रीनच्या तोंडाशी पडतो, चिप (जवळचा छोटा शॉट) आणि दोन पट (ग्रीनवरचे घरंगळते शॉट), सहा. ग्रीन मिळालं तर पाच. थ्री वुडने तुम्ही फार तर तीस यार्ड पुढे जाता. त्या तीस यार्डांसाठी आठ कशाला लावून घ्यायचे?

ड्राइव्ह वाईट गेला की लोकांचं डोकं आणखी फिरतं, म्हणून तोही दिवस धरू. ड्रायव्हर मार खाल्ला, १५० वर रफमध्ये, वाढलेल्या गवतात, पडला. बहुतेक जण इथेच 'भरून काढायला' थ्री वुड काढतात, रफमधून. त्या जागी हे करून बघा: सात नंबरने १३० पुढे फेअरवेवर. झाले २८०. मग ११५, साधा नऊ नंबर. झाले ३९५, नाल्याच्या बावीस यार्ड अलीकडे. राहिले ११७. पुन्हा नऊ नंबर, पूर्ण ताकदीचा. १५०, १३०, ११५, ११७, बेरीज ५१२. चार शॉटांत ग्रीनवर, दोन पट, सहा. टीनंतर सात नंबरपेक्षा लांब जाणारा क्लब बॅगेतून निघालाच नाही, आणि त्यातला एकही शॉट असा नाही की तुम्ही रेंजवर दहातून सात वेळा मारत नाही.

सहा म्हणजे काय, तेही नीट बघा. १९ हॅण्डिकॅपला जवळजवळ प्रत्येक होलवर एक शॉट मिळतो आणि स्ट्रोक इंडेक्स १ वर, म्हणजे अवघडपणात पहिल्या धरलेल्या होलवर, दोन. म्हणजे या होलवर तुमचा पार सहा आहे. स्टेबलफोर्डमध्ये, म्हणजे होलमागे पॉइंट मोजायच्या प्रकारात, सहाला दोन पॉइंट, आठला भोपळा. टीवरच्या पाटीवर पाच लिहिलंय ते स्क्रॅच, म्हणजे शून्य हॅण्डिकॅपच्या, खेळाडूसाठी. आपण ते स्वतःला उद्देशून वाचतो आणि मग पाचाच्या मागे धावता धावता आठावर जाऊन पोचतो.

हे पुस्तकी ज्ञान नाही, अंगावर काढलेलं आहे. सोमवारी कोर्स बंद असायचा, तो दिवस आम्हा कॅडींचा. विशीत असताना अशाच एका सोमवारच्या टुर्नामेंटमध्ये शेवटच्या होलवर मी दोन शॉटांनी पुढे होतो. शेवटचं होल पार फाइव्ह. सात केले असते तरी बरोबरी होती. ड्राइव्ह मधोमध, पण बॉल जुन्या डिव्हॉटमध्ये (आधीच्या फटक्याने उखडलेल्या खळग्यात), पाठीमागच्या कडेला टेकलेला. माझी बॅग वयाने मोठ्या एका कॅडीने धरली होती. त्याने काही न बोलता सात नंबर बॅगेतून अर्धा वर काढला. मी थ्री वुडकडे हात नेला. त्याने सात नंबर परत खाली सोडला. तो सळसळ आवाज मला आजही ऐकू येतो. पहिला थ्री वुड पन्नास यार्ड. दुसरा, चिडून मारलेला, झाडीत. झाडीतून बाहेर यायला दोन. पुढे एक बंकर, एक चिप, दोन पट. नऊ. बॅग उचलून चालताना तो म्हणाला, "सात नंबर कुठं पळून चालला नव्हता." त्या दिवसापासून वुड काढायच्या आधी मी एकच गोष्ट बघतो: वाकून पाहिलं तर बॉलचा खालचा अर्धा भाग दिसतोय का? गवतात बुडाला असेल, डिव्हॉटमध्ये असेल, तर वुडचा विषय संपला.

थ्री वुड कधीच काढू नका असं म्हणत नाही. नाला नाही, भिंत नाही, बॉल गवताच्या टोकावर बसलाय आणि पुढे शंभर यार्ड रुंद मैदान आहे, तर खुशाल मारा. पण तुम्ही विचारलेलं होल तसलं नाही.

नाल्यात बॉल गेलाच तर काय, हेही सांगून टाकतो, कारण तिथेही लोक एक शॉट फुकट घालवतात. पेनल्टीचा एक शॉट घेऊन ड्रॉप करताना नाल्याच्या काठाला चिकटायची गरज नसते. बॉल जिथे नाल्यात शिरला तो बिंदू आणि झेंडा एका रेषेत धरा आणि त्याच रेषेवर मागे हवं तेवढं जा. पंधरा-वीस यार्ड मागे सपाट जागा असेल, पूर्ण नऊ नंबरचं अंतर असेल, तर तिथे जा. काठावरच्या उतारावरून अर्धवट वेज (जवळच्या अंतराचा, बॉल उंच उडवणारा क्लब) मारून पुन्हा नाल्यात घालणारे मी दर आठवड्याला बघतो. त्यांना वाटतं आपण वीस यार्ड वाचवले. २०१९ पासून ड्रॉप गुडघ्याच्या उंचीवरून आहे. जुन्या सवयीने खांद्यावरून टाकू नका.

आता वहिनींबद्दल. त्यांचा प्रश्न डोक्यातला नाही, जागेचा आहे. त्या नाल्याला अगदी चिकटून उभ्या राहत असणार, माझी पैज आहे. नवीन खेळणारा प्रत्येक शॉट जमेल तेवढा लांब मारतो, त्यामुळे कधी काठापासून पाच यार्डांवर येऊन पडतो, गवत वाढलेलं, जमीन नाल्याकडे उतरती, आणि समोर पाणी. तिथून कोणाचेही हातपाय गळतील.

लाल टीवरून नाल्याचा अलीकडचा काठ ३३५ वर आहे. नवख्या माणसाचे माफक आकडे धरतो: ड्राइव्ह १२०, मग १००, मग ९०. झाले ३१०. नाला अजून पंचवीस यार्ड पुढे आहे. इथे सपाट फेअरवे असतो, बॉलवर उभं राहायला ऐसपैस जागा. पलीकडचा काठ इथून फक्त ४५ यार्ड. त्यांचा सात नंबर ९० जातो, म्हणजे अर्धा लागला तरी पार. मग तीस यार्डांची चिप, दोन पट, सात. सगळा रस्ता सात नंबरने आणि ड्रायव्हरऐवजी टीवर हायब्रिड असेल तरी चालेल. नवख्याच्या बॅगेत चौदा क्लब असतात आणि भरवसा दोनावर. मग हे होल त्या दोघांवरच काढा.

एक गोष्ट तुमच्यासाठी, वहिनींसाठी नाही. त्या नाल्याच्या अलीकडे उभ्या असताना मागून "जरा जोरात मार, नाला आहे" असं म्हणू नका. नवरे हमखास म्हणतात. जोरात मार म्हटलं की हात आवळतात, डोकं वर येतं, बॉल टॉप होतो आणि नाल्यात जातो. फक्त "तिकडच्या मातीच्या पट्ट्यापर्यंत पंचेचाळीस आहेत" एवढं सांगा आणि गप्प बसा. सात केले की चहा तुमच्याकडून.

पुतण्याचं प्रकरण सगळ्यात मजेशीर आहे, कारण त्याच्यासाठी 'जपून खेळ' हा सल्ला चुकीचा असू शकतो.

२६५ नंतर त्याला ग्रीनच्या मध्यापर्यंत २४७ राहतात. नाल्याचा पलीकडचा काठ १७२ वर. थ्री वुडने तो नाला हवेतून ओलांडतो, म्हणजे फेअरवेवरून नाल्याचा त्याला काही धाक नाही. धाक आहे तो उजव्या भिंतीचा. इथे एक हिशोब उपयोगी पडतो. कोलंबिया विद्यापीठातले मार्क ब्रॉडी यांनी अमेरिकेच्या पीजीए टूरवरच्या, म्हणजे व्यावसायिकांच्या स्पर्धांतल्या, लाखो शॉटांच्या लेझर नोंदी घेऊन काढलंय की कुठून सरासरी किती शॉटांत होल संपतं. टूरचा खेळाडू फेअरवेवरून २० यार्डांतून २.४०, रफमधून त्याच अंतरावरून २.५९, बंकरमधून २.५३, आणि फेअरवेवर १०० यार्डांवरून २.८०. तुमचा पुतण्या टूरवर नाही, त्याचे आकडे जास्त असतील. पण कल तोच. ग्रीनजवळचा बंकर हा शंभर यार्डांच्या स्वच्छ फेअरवेपेक्षा वाईट नाही, उलट बरा आहे. हे बहुतेकांना पटत नाही.

म्हणजे ग्रीनच्या दिशेने जाऊन त्याला दर वेळी साधारण पाव शॉट वाचतो. आता दुसरी बाजू. भिंतीपलीकडे गेला की एक पेनल्टी आणि परत तिथूनच मारणं, म्हणजे दोन शॉटांचा खड्डा. काही गोल्फ क्लबांनी २०१९ पासून स्थानिक नियम घेतलाय की दोन पेनल्टी घेऊन पुढे फेअरवेच्या कडेला ड्रॉप करता येतो. खड्डा साधारण तेवढाच. पाव शॉट कमावून दोन गमवायचे असतील तर गणित सरळ आहे: आठातून एकापेक्षा जास्त वेळा भिंतीपलीकडे जात असेल तर सगळी कमाई गेली. त्याला विचारा, थ्री वुड आठ मारले तर किती उजवीकडे भरकटतात. पुष्कळांचा चुकलेला वुड उजवीकडे जातो. तो तसा असेल तर मी त्याला ग्रीनकडे बघायला देणार नाही, डाव्या बंकरच्या मधोमध बघायला सांगेन. सरळ गेला तर बंकर किंवा त्याच्या बाजूचं गवत. थोडा उजवीकडे वळला तर ग्रीन. खूप वळला तर ग्रीनच्या उजवीकडे, पण भिंतीच्या आत. तीनही ठिकाणांहून बर्डीची संधी आहे. झेंड्याकडे बघून मारला तर तिसरं ठिकाण भिंतीपलीकडे असतं. त्याची बर्डी आणि त्याचा नऊ यांच्यातला फरक बहुधा एवढाच आहे, फटक्यात नाही, निशाण्यात.

ड्राइव्ह रफमध्ये गेला तर त्याचं चित्र पूर्ण बदलतं, आणि इथे तरुण मुलं फसतात. रफमधून १७२ हवेतून नेणं म्हणजे गवत क्लबला धरणार, क्लबचं तोंड वळून मिटणार, बॉल खाली राहणार. नाल्याचा अलीकडचा काठ १५२ वर आहे. तिथे आठ किंवा नऊ नंबरने १३५, आणि मग ११२ यार्डांचा वेज. 'अर्धा धाडसी' शॉट, म्हणजे रफमधून पाच नंबरने नाला कसाबसा ओलांडायचा, त्यात मिळकत चाळीसेक यार्डांची आणि धोका पूर्ण. जायचं तर पूर्ण, नाहीतर मुळीच नाही.

आता मागे ठेवायचंच असेल तर नेमकं किती मागे? जुनी माणसं, मीही त्यातलाच, शिकवायची की आपल्या आवडत्या अंतरावर ठेवा, शंभर यार्डांवर, म्हणजे पूर्ण वेज मारता येतो. ब्रॉडींचे आकडे याला फारसा दुजोरा देत नाहीत. टूरवर फेअरवेवरून ६० यार्डांना २.७०, १०० ला २.८०. जवळ गेलेलं बरं, पण फरक दहा वेळांत एका शॉटाचा. मात्र ६० यार्डांवर रफमध्ये पडलात तर २.९१, म्हणजे फेअरवेवरच्या शंभरापेक्षा वाईट. म्हणून मी आता असं सांगतो: जवळ जा, पण फेअरवे सोडून नाही, आणि मुद्दाम मागे राहू नका. तुम्हा तिघांच्या बाबतीत नालाच ठरवतो कुठे थांबायचं, त्यामुळे हा वाद तुमच्या कोर्सवर मिटलेलाच आहे.

कोणीतरी क्लबहाउसमध्ये टूरवरच्या झॅक जॉन्सनचं नाव काढेलच, म्हणून आधीच सांगतो. ऑगस्टाच्या कोर्सवर २००७ च्या मास्टर्स स्पर्धेत त्याने चार दिवसांत सोळा पार फाइव्ह खेळले, एकदाही दोनमध्ये ग्रीनवर गेला नाही, आणि त्या सोळांत ११ अंडर पार राहून स्पर्धा जिंकला. खरी गोष्ट आहे. पण तो टूरवरच्या लांब मारणाऱ्यांतला नव्हता, त्या आठवड्यात थंडी आणि वारा होता, जिंकणारा स्कोअर पारपेक्षा एक जास्त होता, आणि वेज त्याचा हुकमी एक्का. त्याने स्वतःचा हिशोब केला. त्यावरून 'लेअप करणारा (मुद्दाम अलीकडे थांबणारा) शहाणा' असा नियम काढता येत नाही. त्याच ऑगस्टाच्या पंधराव्या होलवर २०१८ मध्ये, गतविजेता असताना, सर्जिओ गार्सियाने १३ केले. पहिला बॉल सहा नंबरने ग्रीन गाठायला जाऊन पाण्यात. पुढचे चार बॉल वेजने. चारही ग्रीनवर पडून मागे घरंगळले, पाण्यात. त्या ग्रीनचं तोंड तळ्याकडे उतरतं. म्हणजे वेजही सुरक्षित नाही, तो कुठे पडतो त्यावर आहे. तुमच्या ग्रीनचं तोंड नाल्याकडे उतरत असेल तर तिघांनीही तिसऱ्या-चौथ्या शॉटला एक क्लब जास्त घ्या आणि झेंडा पुढे असला तरी ग्रीनच्या मध्याकडे मारा. तसाही हौशी खेळाडू चुकला तर ग्रीनच्या मागे क्वचित जातो, बहुतेक वेळा पुढेच कमी पडतो.

मोसमाचं राहिलं. वरचे सगळे आकडे मी हिवाळ्यातले धरलेत. पुण्याकडे एप्रिल-मेमध्ये फेअरवे तव्यासारखा टणक होतो. तुमचा २०५ चा ड्राइव्ह २२५ होईल, राहतील २८७, आणि नाल्याचा काठ १९२ वर. आता तोच हायब्रिड १६० उडून तीस घरंगळला तर नाल्याच्या ओठावर. म्हणून उन्हाळ्यात हायब्रिडही नाही, सहा नंबर. घरंगळून १६० जाईल, १२७ राहतील. जुलैमध्ये उलटं: ड्राइव्ह १९०, बॉल पडला तिथे रुतला. फेअरवेवर किंवा रफमध्ये रुतलेला बॉल पेनल्टीशिवाय उचलून पुसून ड्रॉप करता येतो, हे अर्ध्या लोकांना माहीत नसतं. राहतात ३२२. हायब्रिड १६५, मग १५७. तिथून ग्रीनचा हट्ट सोडून फक्त नाला ओलांडून तोंडाशी नेऊन ठेवा. पावसाळ्यात तुमच्यासाठी सहा हा उत्तम स्कोअर आहे.

मुंबईहून खेळायला येणाऱ्या मित्रांना एक सांगा. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, बॉल मुंबईपेक्षा दोन-तीन टक्के जास्त जातो. दोनशे यार्डांत चार ते सहा यार्ड. पार थ्रीवर त्याने बंकर चुकतो, इथे नाला लागतो.

आणि एक तक्रार, तुमच्यावर नाही. पुढचा ग्रुप पट करत असतो आणि २४० यार्ड मागे एक १९ हॅण्डिकॅपवाला थ्री वुड धरून "ग्रीन मोकळं होऊ दे" म्हणून पाच मिनिटं उभा. मागे तीन ग्रुप तुंबलेले. ग्रीन मोकळं होतं, आणि बॉल साठ यार्ड सरपटत जातो. पुतण्याला थांबायचा हक्क आहे. आपल्याला नाही.

फाइव्ह वुडचं. घ्या, पण थ्री वुडच्या जोडीला नाही, त्याच्या जागी. तुमच्याकडे २०० चा थ्री वुड आणि १७० चा हायब्रिड, मध्ये रिकामं. फाइव्ह वुडचा लॉफ्ट अठरा अंशांच्या आसपास, दांडा जरा आखूड, त्यामुळे जमिनीवरून बॉल उचलतो. तुम्हाला १८५ जाईल. या होलवर हिवाळ्यात २०५ नंतर १८५ मारला तर १२२ राहतात आणि नाल्याच्या सत्तावीस यार्ड अलीकडे थांबता. थ्री वुड टीवरून लागतो म्हणाल, तर त्यासाठी ड्रायव्हर आहेच. एक पथ्य पाळा: दुकानातल्या मॅटवर मारून विकत घेऊ नका. मॅटवर क्लब बॉलच्या इंचभर मागे पडला तरी घसरत येतो आणि बॉल छान उडतो. गवतात तोच शॉट चाळीस यार्ड जातो. दुकानदार गवतावर मारू देत नसेल तर कोणाचा तरी आठवडाभर मागून आणा, आणि याच होलवर, कोर्स रिकामा असेल अशा एखाद्या संध्याकाळी, ३०७ च्या खुणेवर सहा बॉल टाकून बघा.